डोळ्यांतील दाह आणि सार्कॉइडोसिस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘डोळ्यांची निगा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मोतीबिंदू, चष्मा आणि गाजर या त्रयीवर बोलून आम्हांस सहज मोकळे होता आले असते. परंतु त्या विषयांवर या व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ सांगून झाले आहे आणि घरोघरी त्यांची माहितीही आता बरीच पोहोचली आहे. यास्तव आम्ही मुद्दाम एक अपरिचित, उच्चारावयासही अवघड असा विषय निवडला. सार्कॉइडोसिस या नावाचा एक रोग आहे. तो कित्येकदा डोळ्यांत उतरतो व तेथे दाह उत्पन्न करतो. आणि आपल्या देशात तो क्षयाचे सोंग इतके बेमालूम घेतो की चांगले चांगले वैद्यही काही काळ चकतात. हा काळ लांबला तर दृष्टीचे नुकसान होते, ते मागाहून भरून येत नाही. म्हणून या रोगाची चिकित्सा कशी करावी यापेक्षा तो ओळखावा कसा, एवढ्याच प्रश्नापुरते आम्ही आज बोलणार आहोत.

प्रथम डोळ्याच्या रचनेविषयी थोडे. डोळ्याचे पांढरे कवच सोलून काढले तर आत एक काळसर थर लागतो, तो सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो. लॅटिन भाषेत द्राक्षास ‘उव्हा’ म्हणतात. त्यावरून या थरास ‘युव्हिआ’ हे नाव पडले. पुढच्या बाजूस बाहुलीभोवतीची रंगीत परितारिका, तिच्यामागे रोमक पिंड आणि सर्वांत मागे, जालपटलाखाली पसरलेले रंजितपटल, असे याचे तीन भाग आहेत. या थरास दाह झाला म्हणजे त्यास युव्हिआयटिस म्हणतात. सामान्यतः ‘डोळे आले’ असे आपण ज्यास म्हणतो, ते दुखणे याहून अगदी निराळे. डोळे येतात तेव्हा चिपडे येतात, पापण्या चिकटतात, खाज सुटते. दृष्टीस मात्र धक्का नसतो. युव्हिआयटिसमध्ये चिपडे नसतात. उजेड सोसत नाही, लाली बुबुळाच्या कडेभोवती कड्यासारखी दिसते, नजर धूसर होते, आणि दाह मागच्या भागात असेल तर डोळ्यांपुढे काळे ठिपके वा जाळी तरंगू लागते. सार्कॉइडोसिसमध्ये तर याहून फसवी गोष्ट अशी की दाह जुना व संथ असला म्हणजे डोळा लालही होत नाही. बाहेरून पांढराशुभ्र, आणि आत कित्येक महिने धुमसणे चाललेले, असे पुष्कळदा आढळते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. डोळा लाल झाला की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणावयाची आणि घरातील सर्वांनी तीच वापरावयाची, ही आपल्याकडील रीत आहे. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने चार दिवसांत डोळा निवळतो, आणि दुकानदारास आपण दुवा देतो. मूळ रोग मात्र तसाच राहतो, त्याच्या खुणा पुसट होतात, आणि पुढे जो तज्ज्ञ डोळा तपासतो त्याच्यापुढे अर्धा पुरावा नाहीसा झालेला असतो. शिवाय हेच थेंब महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होतो, ते वेगळेच.

आता सार्कॉइडोसिस म्हणजे काय ते पाहू. शरीरात एखादा उपद्रवी पदार्थ शिरला आणि तो नष्ट करता येईना, म्हणजे आपल्या रक्षक पेशी त्याच्याभोवती गराडा घालून बसतात. या गराड्यास कणार्बुद म्हणतात. नावात अर्बुद असले तरी कर्करोगाशी याचे नाते नाही. क्षयात असा गराडा पडतो, कुष्ठरोगात पडतो, काही बुरशींच्या रोगांतही पडतो. आणि तेथे शोध केल्यास मध्यभागी शत्रू सापडतो, निदान सापडण्याची आशा तरी असते. सार्कॉइडोसिसमध्ये गराडा आहे, पण आत कोणी नाही. आजवर अनेकांनी शोधले. ठाम असे एकही कारण सिद्ध झालेले नाही. अनुवंशाने आलेली काही प्रवणता आणि बाहेरून लागलेली काही ठिणगी, या दोहोंच्या योगाने हा रोग पेटत असावा, असे सध्या मानले जाते. हा रोग संसर्गजन्य नाही. एकाचा दुसऱ्यास लागत नाही. ही गोष्ट आपण येथेच मनात पक्की करून ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

याचा इतिहास त्वचारोगतज्ज्ञांपासून सुरू होतो. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ मध्ये कोळशाच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एका मनुष्याच्या हातापायांवरील जांभळट चट्ट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८८९ मध्ये पॅरिसचे बेस्निए आणि १८९९ मध्ये नॉर्वेचे बेक यांनी अशाच त्वचेच्या गाठींविषयी लिहिले. ‘सार्कॉइड’ हा शब्द बेक यांच्या लेखातून रूढ झाला. हा केवळ कातडीचा रोग नसून सर्व शरीराचा आहे, हे स्वीडनच्या शाउमन यांनी दाखविले. आमच्या विषयाशी ज्यांचा निकटचा संबंध ते हेरफोर्ट हे डेन्मार्कचे नेत्रवैद्य. त्यांनी १९०९ मध्ये काही रोगी पाहिले; त्यांच्या डोळ्यांत दाह, कानाखालच्या लाळग्रंथींस सूज, अंगात बारीक ताप आणि क्वचित चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेली, असा एकत्र योग होता. हे गालगुंडाचेच एखादे रूप असावे असा प्रारंभी समज झाला. १९३७ मध्ये स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रम यांच्या अभ्यासाने तो समज मागे पडला आणि हा सार्कॉइडोसिसचाच प्रकार म्हणून मान्य झाला. म्हणजे चुकीच्या नावाखाली राहण्याची या रोगाची खोड जुनीच आहे.

दहांपैकी नऊ रोग्यांत हा रोग फुप्फुसांत अथवा छातीतील लसीका ग्रंथींत सापडतो. डोळ्यांचे प्रमाण देशोदेशी वेगळे आढळते. साधारणपणे दहांत दोन ते पाच असे म्हणावयास हरकत नाही. जपानात ते विशेष मोठे आहे. तरुण व मध्यम वयात हा रोग दिसतो, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत पुन्हा एकदा डोके वर काढतो. कित्येकांत खोकला नाही, दम नाही, ताप नाही. डोळ्याचे दुखणे हीच पहिली वर्दी असते. अशा वेळी नेत्रवैद्याने वर्दी ऐकली नाही तर ती दुसरे कोणी ऐकणार नसते.

ही वर्दी म्हणजे काय, ते आता सांगतो. नेत्रवैद्य स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राने डोळ्याच्या आत प्रकाशाची बारीक फीत टाकून पाहतो. स्वच्छमंडलाच्या आतल्या पृष्ठावर, खालच्या बाजूस, पेशींचे मोठाले स्निग्ध ठिपके चिकटलेले दिसतात. पाश्चात्त्य वैद्यांनी त्यांस बोकडाच्या चरबीची उपमा दिली आहे. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी ताटाला थिजलेले तुपाचे थेंब डोळ्यांपुढे आणावेत. परितारिकेवर, विशेषतः बाहुलीच्या कडेस, बारीक गाठी दिसतात. डोळ्यातील पाणी ज्या जाळीतून वाहून जाते तिच्यातही अशा गाठी व तंबूच्या आकाराचे चिकटे होतात. ते पाहण्यास आरसे बसविलेले खास भिंग डोळ्यावर टेकवावे लागते, आणि घाईच्या तपासणीत नेमके हेच राहून जाते. मागील काचरसात पांढरे गोळे तरंगतात, कधी एकापुढे एक ओवल्यासारखे. त्यांस हिमगोल व मोत्यांचा सर अशी नावे दिली आहेत. जालपटलाच्या नीलांभोवती ठिकठिकाणी पांढरे वेष्टन चढते आणि मेणबत्तीवरून मेण ओघळावे तसे दिसते. जालपटलाच्या परिघावर काही ताजे, काही वठलेले असे अनेक छोटे डाग असतात. क्वचित दृष्टीच्या मज्जातंतूच्या मुखाशी अथवा रंजितपटलात एखादी मोठी गाठ असते. आणि बहुधा दोन्ही डोळे सापडतात, मग एकाची तक्रार रोग्याने केली नसली तरी. म्हणून दुखरा डोळा पाहून झाला की न दुखणारा डोळाही बाहुली विस्फारून पाहावा, असा आमचा आग्रह असतो. कंटाळा येतो, वेळ जातो, पण तेथेच पुष्कळदा चोर सापडतो.

या सात खुणा आम्ही मनाने रचलेल्या नाहीत. २००६ मध्ये टोकियो येथे निरनिराळ्या देशांचे नेत्रतज्ज्ञ याच प्रश्नासाठी एकत्र जमले. त्यांनी ठरविलेले निकष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनुभवांती २०१९ मध्ये सुधारण्यात आले. त्यांतील विचारपद्धती आम्हांस फार मोलाची वाटते. न्यायाधीशाने साक्षीपुरावा तोलावा तशी ती आहे. मांसाचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली कणार्बुद दिसले, आणि डोळ्यातील दाह रोगाशी जुळता असला, तर निदान निश्चित. कण काढलेला नाही, परंतु छातीत दोन्ही बाजूंस ग्रंथी वाढलेल्या आहेत आणि डोळ्यांत दोन खुणा आहेत, तर निदान गृहीत धरण्यास योग्य. ग्रंथीही वाढलेल्या नाहीत, पण डोळ्यांत तीन खुणा व इतर तपासण्यांतील दोन गोष्टी अनुकूल आहेत, तर निदान संभाव्य. तत्पूर्वी दाहाची इतर कारणे दूर सारलेली असली पाहिजेत, ही अट प्रत्येक पायरीस आहेच. एकच तपासणी करून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल देणारी रक्ताची परीक्षा या रोगास नाही. प्रयोगशाळेचा कागद हाती पडला की निदान झाले, असे मानणाऱ्यांस ही गोष्ट पटण्यास जड जाते.

तपासण्यांपैकी छातीची क्ष-किरण प्रतिमा सर्वांत सोपी व सर्वांत उपयुक्त. फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंस सारख्या प्रमाणात, बटाट्यासारख्या वाढलेल्या ग्रंथी दिसल्या तर संशय बळावतो. साध्या प्रतिमेत काही दिसले नाही आणि डोळ्यांतील खुणा मात्र बोलक्या असल्या, तर सीटी स्कॅन करावा. वयस्क स्त्रियांत तर तो न करणे म्हणजे अर्धवट शोध होय. रक्तातील एसीई नावाचे एंझाइम कणार्बुदांतील पेशी निर्माण करतात, म्हणून ते वाढलेले आढळते. हा शोध १९७५ मधील. पण या परीक्षेच्या मर्यादा पुष्कळ. निरोगी मुलांतही ते स्वभावतः अधिक असते. रक्तदाबावर ‘प्रिल’ या अक्षरांनी संपणाऱ्या नावांची औषधे चालू असली तर ते खोटेच उतरते. आणि रोग असूनही ते प्रमाणात असणारे रोगी थोडेथोडके नाहीत. लायसोझाइम हे दुसरे एंझाइम, रक्तातील लसीका पेशींची घटलेली संख्या, फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातील पेशींचे परस्पर प्रमाण, आणि शरीरात कोठे कोठे दाह पेटलेला आहे हे दाखविणारा पेट स्कॅन, या साऱ्यांचे वजन कमीअधिक आहे. पेट स्कॅन महाग आहे. तो सरसकट प्रत्येकास लिहून देण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

या सर्व परीक्षांविषयी एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की एसीई उतरते, छातीतील ग्रंथी आक्रसतात, आणि काढलेल्या कणातही कणार्बुद सापडेनासे होते. म्हणजे जे औषध रोगास दाबते तेच पुरावाही पुसते. डोळा वाचविण्याची निकड असेल तर औषध थांबविता येत नाही हे खरेच. परंतु रक्त घेण्यास व छातीची प्रतिमा काढण्यास एक दिवस पुरतो, आणि थेंब घालून तो एक दिवस बहुधा काढता येतो.

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. युरोपातील वैद्यास सार्कॉइडोसिसचा विचार करताना क्षयाची आठवण ओघाने होते. आपल्या वैद्यास क्षय डावलून दुसरा विचार करणेच कठीण. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात क्षयाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयजंतूंचा संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. संसर्ग होऊन जाणे म्हणजे रोग असणे नव्हे. यांतील बहुसंख्यांस आयुष्यभर क्षय होत नाही. परंतु हाताच्या त्वचेत टोचून दोनतीन दिवसांनी वाचावयाची मांटू परीक्षा काय, किंवा रक्ताची इग्रा परीक्षा काय, दोन्ही संसर्ग दाखवितात, रोग दाखवीत नाहीत. मग डोळ्यात दाह असलेल्या दर तिसऱ्या भारतीयाची परीक्षा अनुकूल आली तर त्यात नवल कोणते? त्यावरून डोळ्यातील दाह क्षयाचाच, असे म्हणणे म्हणजे गावात चोरी झाली त्या रात्री जो जो जागा होता त्या प्रत्येकास चोर ठरविणे होय.

उलट बाजूने मात्र ही परीक्षा फार बोलकी आहे. सार्कॉइडोसिसमध्ये शरीराची त्वचेवरील ही प्रतिक्रिया मंदावते. जन्मतः बीसीजीची लस टोचून घेतलेल्या, क्षयग्रस्त प्रदेशात चाळीस वर्षे वावरलेल्या मनुष्याच्या हातावर मांटूची खूणही उमटत नाही, तेव्हा ते मौन हाच एक पुरावा ठरतो. २००९ च्या निकषांत लस घेतलेल्या अथवा पूर्वी परीक्षा अनुकूल आलेल्या माणसाचा असा नकार मुद्दाम मोजला होता; २०१९ मध्ये इग्रेचा नकारही त्यास जोडण्यात आला. तथापि होकार आला म्हणून सार्कॉइडोसिस बाद होत नाही, हे आमच्या तरुण व्यवसायबंधूंनीही लक्षात ठेवावयास हवे.

क्षय व सार्कॉइडोसिस यांत भेद करावयाचा तो मग कशावरून? डोळ्याच्या आत रंजितपटलाचा दाह नागमोडी सरकत पसरत असेल, नीला बंद पडून रक्तस्राव होत असेल, परितारिका मागील भिंगास रुंद पट्ट्यांनी चिकटली असेल, तर मन क्षयाकडे झुकते. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी एका बाजूस अधिक, मध्यभागी मऊ पडलेल्या दिसल्या, तर क्षय. दोन्ही बाजूंस सारख्या व भरीव, तर सार्कॉइडोसिस. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. क्षयाच्या कणार्बुदाचा मध्य कुजून चक्क्यासारखा होतो. सार्कॉइडोसिसचे कणार्बुद तसे कुजत नाही. तोच मांसकण जंतूंच्या शोधासाठी प्रयोगशाळेत पाठविणेही तितकेच आवश्यक आहे, कारण कणार्बुद आहे एवढ्याने काम संपत नाही.

हा कण काढणे म्हणजेच जीवोतक परीक्षा, जीस सर्वजण बायॉप्सी म्हणतात. या शब्दाने आपल्याकडील माणसे हबकतात. बायॉप्सी केली की रोग पसरतो, असा एक समज अजून ऐकू येतो. तो निराधार आहे. डोळ्याच्या आतून कण घेण्याची वेळ क्वचितच येते. पापणीच्या आत गाठ दिसत असेल तर तेथून, मानेत ग्रंथी लागत असेल तर तेथून, आणि छातीतील ग्रंथीतून घ्यावयाचा असेल तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून ध्वनिलहरींच्या मार्गदर्शनाने सुईने घेता येतो. त्यास छाती उघडावी लागत नाही. त्वचेकडे तर आम्ही नेहमी आधी पाहतो. लहानपणी गुडघा फुटल्याची जुनी खूण अकस्मात लाल होऊन वर येणे, हातावरचे गोंदण फुगणे, नाकावर वा गालावर जांभळट उंचवटा येणे, यांपैकी काही सापडले तर निदान तेथल्या तेथे, पाच मिनिटांच्या कामात होऊ शकते. रोगी हे आपण होऊन सांगत नाही, कारण डोळ्यांच्या दवाखान्यात गुडघ्याविषयी बोलावे असे कोणास वाटणार!

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. छत्तीस वर्षांच्या एका शिक्षिकेस दोन्ही डोळ्यांत धूसरपणा आला. मांटू परीक्षा जोरात अनुकूल आली. एका ठिकाणी डोळ्यांचा क्षय असे निदान होऊन चार औषधे सुरू झाली आणि जोडीस स्टेरॉइडच्या गोळ्या. दीड महिन्यात नजर सुधारली. क्षयाची औषधे लागू पडली, म्हणून क्षयच होता, असे सर्वांनी धरले. पुढे स्टेरॉइड कमी करीत बंद केले, तेव्हा क्षयाची औषधे पूर्ण मात्रेत चालू असताना दाह उलटला. मग जंतू औषधांस दाद न देणारे असावेत, असा तर्क निघाला. इकडे घरात निराळेच घडत होते. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आले होते. ‘त्यांच्याकडे क्षय आहे’ एवढी कुजबूज पुरली. बाईंनी शाळेतून रजा घेतली आणि आपले ताट-वाटी वेगळी ठेवली.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही सारे जुने कागद मागविले. कपाटावरच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीची, नोकरीच्या वेळी काढलेली छातीची प्रतिमा निघाली. तीतही दोन्ही बाजूंच्या ग्रंथी वाढलेल्या होत्या. म्हणजे औषधाच्या एका गोळीवाचून त्या ग्रंथी दोन वर्षे जशाच्या तशा होत्या. क्षयाच्या ग्रंथी इतकी सभ्यता सहसा पाळीत नाहीत. कोपरावरचा जुना व्रण लालसर व टणक झाला होता. तेथून कण घेतला; न कुजलेली कणार्बुदे मिळाली, क्षयजंतू मिळाले नाहीत. छातीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन उपचार बदलले. एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ववत झाली. दुसऱ्याच्या जालपटलाच्या मध्यावर सूज फार दिवस राहिल्याने तेथे कायमचा उणेपणा राहिला.

या उदाहरणात तर्काचा जो पेच आहे तो आपण नीट पाहावा. दोन औषधे एकदम दिली आणि रोगी सुधारला, तर कोणत्या औषधाने सुधारला हे त्या सुधारणेवरून कळत नाही. स्टेरॉइड कोणताही दाह काही काळ शमविते, क्षयाचा असो वा सार्कॉइडोसिसचा. म्हणून ‘गुण आला’ हा पुरावा अशा वेळी पुरावाच नव्हे. क्षयाच्या औषधांनीही अपाय होऊ शकतो. त्यांतील एथॅम्ब्युटॉल दृष्टीच्या मज्जातंतूस इजा करू शकते, तेव्हा ज्या दृष्टीसाठी औषध द्यावयाचे तीच धोक्यात येते. याच्या उलट, खरा क्षय असताना सार्कॉइडोसिस समजून एकटे स्टेरॉइड दिले तर क्षय भडकतो. दोन्हीकडे दरी आहे. काही प्रसंगी दोन्ही औषधे एकत्र देणे शहाणपणाचे असते, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र ती का दिली, काय अपेक्षा होती आणि किती आठवड्यांनी पुन्हा विचार करावयाचा, हे केसपेपरवर लिहून ठेवले पाहिजे.

क्षयाप्रमाणेच उपदंशही कोणत्याही नेत्रदाहाचे सोंग घेऊ शकतो. त्यासाठी रक्त तपासावयास सांगितले म्हणजे रोग्याने ते आपल्या शीलावरील आक्षेप मानू नये. ही परीक्षा आम्ही सर्वांचीच करतो. उतारवयात प्रथमच काचरस गढूळ झाला, तर डोळ्यातील लसीकार्बुदाचा, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाचा, विचार मनात ठेवावा लागतो. आणि निदान सार्कॉइडोसिसचे झाले की काम डोळ्यापाशी थांबत नाही. हृदयात कणार्बुदे झाली तर ठोक्यांचे वहन अडते व अकस्मात प्राण जाऊ शकतो. म्हणून छातीत धडधड नसली तरी ईसीजी काढावाच. कणार्बुदे ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप निर्माण करतात, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते व मूतखडे होतात. अशा रोग्याने कोणाच्या सांगण्यावरून ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घेऊ नयेत.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवण्यास आम्ही या संधीचा लाभ घेतो. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेस मदत मिळते, रुग्णालयातील खाटेस मिळते. तपासणीच्या खर्चास मिळत नाही. शस्त्रक्रिया दिसते, तिचे बिल दिसते. तपासणी निष्फळ ठरली तर पैसे वाया गेले, अशी भावना होते. परंतु ज्या रोगात सारा प्रश्नच ओळखण्याचा आहे, तेथे सीटी स्कॅन व दुर्बिणीने घेतलेला कण यांचा खर्च न झेपल्याने कित्येकांस अंदाजाच्या औषधांवर महिने काढावे लागतात. निधीच्या नियमांत तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरून तपासणीस मदत देण्याचे एक कलम घालावे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुंबई-पुण्यास येणाऱ्या रोग्याची व त्याच्या सोबत्याची दोन दिवसांची राहण्याची सोय वसतिगृहात झाली तर तीही मोठीच मदत होईल. येणाऱ्याने मात्र छातीच्या सर्व जुन्या प्रतिमा, अगदी दहा वर्षांपूर्वीच्याही, आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी बरोबर आणावी.

व्याख्यान संपल्यावर एका मातोश्रींनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले की, ‘हे दुखणे पुढच्या पिढीत उतरते का? मुलीच्या सासरी सांगावे का?’ प्रश्न अनेकांच्या मनातील असल्याने त्याचे उत्तर येथे छापावयास देत आहो. रोग्याच्या सख्ख्या नातलगांत हा रोग इतरांपेक्षा काहीसा अधिक आढळतो. परंतु मुळातच तो विरळ असल्यामुळे बहुसंख्य रोग्यांच्या मुलांस तो होत नाही. तो स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. विवाहास त्याची आडकाठी नाही. काही औषधे चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते, विशेषतः मेथोट्रेक्सेट. म्हणून सासरी अवश्य सांगावे, आणि नेत्रवैद्यांकडील पुढच्या भेटीस जावईबापूंस सोबत घेऊन यावे.